छापील 'ड्रॅगन' ते वर्गणीचे डिजिटल अंक: चाहत्यांच्या नाराजीची पार्श्वभूमी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका काल्पनिक व्यक्तिरेखेची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची) 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही दोन मासिके सप्टेंबर 2007 च्या अंकांनंतर छापली जाणार नाहीत, अशी घोषणा 19 एप्रिल 2007 रोजी झाली. खेळाची मालकी असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मासिके चालवणाऱ्या पायझो या प्रकाशनसंस्थेचा परवाना वाढवायचे नाकारले होते आणि यापुढचा मजकूर कंपनी स्वतः इंटरनेटवरून देणार होती. त्यावर उसळलेल्या नाराजीकडे पुष्कळांनी जुन्या पिढीचे कागदावरचे प्रेम म्हणून पाहिले. हे निदान अपुरे आहे. अंक कोणाच्या ताब्यात राहतो आणि त्यात वाचकाला काय जागा असते, हे दोन प्रश्न त्या नाराजीच्या मुळाशी होते आणि ते समजण्यासाठी खेळाच्या सुरुवातीपर्यंत मागे जावे लागते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा येथे गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी 1973 मध्ये टीएसआर ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तीन लहान पुस्तिकांच्या संचात हा खेळ बाजारात आला. त्या पुस्तिकांतील नियम तुटक होते. युद्धखेळांची आधीची ओळख नसलेल्या माणसाला त्यातून प्रत्यक्ष खेळ उभा करणे फार कठीण जात असे, आणि ही पोकळी भरण्याचे काम 1975 पासून 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या वार्तापत्राने व जून 1976 पासून टिम कास्क यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'द ड्रॅगन' या मासिकाने केले. म्हणजे मासिक हा खेळाचा नंतर जोडलेला भाग कधीच नव्हता. नवे राक्षस, नवे मंत्र, नव्या व्यक्तिरेखा आणि अडलेल्या नियमांचा खुलासा, हे सारे वाचकांपर्यंत अंकांतूनच पोहोचत होते.

यातला मोठा वाटा वाचकांनी स्वतः उचललेला होता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1979 मध्ये सुरू झालेल्या 'सेज अॅडव्हाइस' या सदरात खेळताना पडलेले प्रश्न वाचक पाठवत आणि त्यांना अधिकृत उत्तर मिळे. एप्रिल 1983 च्या 72 व्या अंकात 'पीअर्सर' या प्राण्यावर एक लेख आला. गुहेच्या छताला लोंबणाऱ्या दगडी सुळक्यासारखा दिसणारा आणि खालून जाणाऱ्यांवर कोसळणारा हा राक्षस नियमपुस्तकात जेमतेम काही ओळींचा होता. तो कवचात राहणारा गोगलगायीसारखा जीव आहे, तो छतापर्यंत कसा चढतो, काय खातो, याचा त्या लेखाने एखाद्या निसर्ग-अभ्यासकाच्या गांभीर्याने विचार केला. त्यातून राक्षसांच्या जीवनक्रमावरील लेखांची जी मालिका सुरू झाली, तिने अनेक डंजन मास्टरांना, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना, राक्षसाकडे केवळ मारायची वस्तू म्हणून न पाहता एका जगाचा रहिवासी म्हणून पाहायला शिकवले.

एड ग्रीनवुड यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कॅनडात ग्रंथालयात काम करणाऱ्या या वाचकाने 1979 पासून 'ड्रॅगन'ला लेख पाठवायला सुरुवात केली आणि लहानपणापासून मनात रचलेल्या एका जगाचे तपशील त्यांत पेरले. संपादकांचे लक्ष वेधले गेले, टीएसआरने ते जग विकत घेतले आणि 1987 मध्ये 'फरगॉटन रेल्म्स' या नावाने ते संचरूपात प्रसिद्ध झाले. आज या खेळाचे सर्वांत परिचित जग तेच आहे. आपण टपालाने पाठवलेला लेख खेळाचा भाग होऊ शकतो, हा विश्वास वाचकांत कुठून आला असेल, हे यावरून कळते. 1986 मध्ये केवळ तयार साहसकथांसाठी 'डंजन' हे दुसरे नियतकालिक निघाले तेव्हाही त्यातल्या पुष्कळ साहसकथा बाहेरच्या लेखकांकडून येत असत.

1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि 1999 मध्ये विझार्ड्स स्वतः हॅसब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची झाली. त्याच वर्षी 'ड्रॅगन'चे पहिले 250 अंक सीडींच्या संचावर आले. आपला मजकूर परवानगीशिवाय पुन्हा वापरला गेल्याची तक्रार काही लेखक-चित्रकारांनी केली आणि ती रास्त होती. परंतु वाचकांनी संच आनंदाने घेतला. पडद्यावर वाचण्याची या समाजाला मुळातच नावड होती, हा समज त्यामुळे टिकत नाही. सीडी विकत घेतली की ती घेणाऱ्याची होत होती, एवढाच पुढच्या घडामोडींशी तिचा फरक.

2002 मध्ये मासिके पायझोकडे गेली आणि त्यांचा दर्जा उंचावला. 'डंजन'मध्ये बारा-बारा अंक चालणाऱ्या सलग मोहिमा येऊ लागल्या. 'सॅव्हेज टाइड' ही अशी मोहीम 139 व्या अंकात सुरू होऊन 150 व्या अंकात संपली आणि तोच छापील 'डंजन'चा शेवटचा अंक ठरला. 'ड्रॅगन' 359 व्या अंकावर थांबले. मासिके ऐन बहरात असताना बंद होत आहेत, ही वाचकांची भावना अतिशयोक्त नव्हती. पायझोने उरलेल्या वर्गणीच्या बदल्यात आपल्या नव्या 'पाथफाइंडर' मालिकेचे खंड देऊ केले, अनेकांनी ते स्वीकारले, आणि 2009 मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र खेळ काढताना त्या संस्थेपाशी एक तयार वाचकवर्ग होता.

विझार्ड्सने डिजिटल मासिकांचे क्रमांक पुढे चालू ठेवले, 'ड्रॅगन' 360 पासून आणि 'डंजन' 151 पासून. ऑगस्ट 2007 मध्ये खेळाच्या चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली आणि तिच्यासोबत डी अँड डी (खेळाच्या नावाचे लघुरूप) इनसायडर या सशुल्क सेवेचीही; डिजिटल मासिके आणि खेळाची संगणकीय साधने तिच्यातूनच मिळणार होती. त्यामुळे नव्या नियमांविषयीची शंका आणि मासिकांविषयीचे दुःख एकमेकांत मिसळले. डिजिटल लेखांत कसदार मजकूर होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण लेख महिनाभर सुटे सुटे येत आणि नंतर त्यांची एकत्र पीडीएफ मिळे. 2011 मध्ये असे एकत्र अंक देणे थांबवले गेले, तेव्हा अंक म्हणून हाती घेण्यासारखे काही उरले नाही, अशी तक्रार झाली. ही तक्रार क्षुल्लक नव्हती. मुखपृष्ठ, संपादकीय, पत्रे, व्यंगचित्रे आणि न शोधता समोर आलेला एखादा लेख यांतून अंकाला जे व्यक्तिमत्त्व लाभते, ते सुट्या दुव्यांच्या यादीला लाभत नाही. शिवाय बरेच वर्गणीदार मासिकापेक्षा व्यक्तिरेखा तयार करण्याच्या साधनासाठी पैसे भरत होते, आणि 2010 च्या अखेरीस ते साधनही संगणकावर उतरवून घेण्याऐवजी केवळ ब्राउझरमधून चालू लागले. वर्गणी थांबली की साधन बंद, हे तेव्हा स्पष्ट झाले.

डिसेंबर 2013 मध्ये दोन्ही डिजिटल मासिके थांबली. 2015 मध्ये 'ड्रॅगन प्लस' हे मोफत अॅप आले. त्यातील नकाशे आणि छोटी साहसे लोकांना आवडली. तरी आगामी उत्पादनांची जाहिरात त्यात फार आणि वाचकांचे लेखन जवळपास नाही, हा आक्षेप त्यावर कायम राहिला. 2019 संपताना इनसायडर सेवा बंद झाली आणि वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्यांची तिथल्या साधनांपर्यंतची वाट तुटली. 2022 मध्ये 'ड्रॅगन प्लस'ही थांबले. नवे डिजिटल नियतकालिक जाहीर झाले की पीडीएफ उतरवून घेता येईल का आणि बाहेरचे लेख स्वीकारणार का, हे प्रश्न जुने चाहते आधी विचारतात, त्यामागे हा अनुभव आहे.