पुंगळीत जागा किती उरली? घरी काडतूस भरण्यामागचं सायन्स

अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेल्या बऱ्याच जणांच्या गॅरेजमध्ये एक मजबूत टेबल असतं, त्याला बोल्टने आवळून बसवलेला लोखंडी हँडप्रेस असतो आणि शेजारी डबाभर रिकाम्या पितळी पुंगळ्या. रेंजवर गोळ्या झाडायच्या, पुंगळ्या वेचून घरी आणायच्या, साफ करायच्या आणि परत भरायच्या, याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. स्वतःपुरतं भरायला तिथे फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्स नसताना दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे कुठली पावडर किती घालायची असलं काही इथे मिळणार नाही. मला यातलं आवडतं ते फिजिक्स आणि केमिस्ट्री, कारण अंगठ्याएवढ्या डबीत काय काय चाललेलं असतं हे कळलं की या छंदातले सगळे कडक नियम आपोआप समजतात.

काडतुसाचे भाग चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेला प्राइमर, आत पावडर म्हणजे बंदुकीची दारू, आणि तोंडात घट्ट बसवलेली बुलेट. प्राइमरवर फायरिंग पिनचा ठोका बसला की त्यातलं लेड स्टिफनेट नावाचं स्फोटक भडकतं, ती ठिणगी बुडाच्या भोकातून आत जाते आणि पावडर पेटते. प्राइमर दोन प्रकारचे, आणि इथे इतिहासाने गंमत केलीय. बर्डन हा अमेरिकन माणूस, त्याची पद्धत चालली युरोपात, आणि बॉक्सर हा इंग्रज, त्याची पद्धत चालली अमेरिकेत. बॉक्सरवाल्या पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, त्यातून पिन घालून जुना प्राइमर टकदिशी बाहेर पाडता येतो, बर्डनला बाजूला दोन बारीक भोकं, तिथे ही ट्रिक चालत नाही. अमेरिकेत हा छंद एवढा फोफावला त्यात त्या मधल्या भोकाचा वाटा चांगलाच मोठा आहे. आणि .२२ च्या (म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या बुलेटच्या) काडतुसाला तर वेगळा प्राइमर नसतोच, तो मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि ठोक्याने ती कड चेपते, म्हणून ते एकदा वापरलं की संपलं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं तो इव्हेंट .२२ चाच, म्हणजे तिच्या पुंगळ्या कुणी कितीही जपून ठेवल्या तरी परत भरता येणार नाहीत.

आता पावडर. लोकांना वाटतं ही टेबलावर सांडली आणि ठिणगी पडली की धडाम्. तसं होत नाही. आजची पावडर म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची पावडर बनवली तिचीच पुढची पिढी. मोकळ्या हवेत चिमूटभर पेटवली तर नुसती फुस्स करून पिवळ्या ज्वाळेने जळून जाते. पण तीच बंद जागेत कोंडली की खेळ बदलतो, कारण या पावडरीचा जळायचा वेग आजूबाजूच्या प्रेशरवर ठरतो. दाणा पृष्ठभागावरून जळतो, गॅस होतो, गॅसने प्रेशर वाढतं, वाढलेल्या प्रेशरने ज्वाळा दाण्याच्या आणखी जवळ दाबली जाते, दाणा आणखी जोरात जळतो, आणखी गॅस, आणखी प्रेशर, असं ते चक्र फिरत राहतं. याला लगाम एकच, बुलेट पुढे सरकते आणि गॅसला जागा मिळते. म्हणजे गोळी सुटते तेव्हा गॅस बनण्याचा वेग आणि जागा वाढण्याचा वेग यांची शर्यत लागलेली असते, आणि ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपते.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेतल्या इंडस्ट्रीच्या स्टँडर्डप्रमाणे ९ एमएम लुगरची प्रेशरची मर्यादा ३५,००० पीएसआय, .४५ एसीपीची २१,०००, .३८ स्पेशलची १७,०००, ही तिन्ही पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची नावं. कारच्या टायरमध्ये आपण ३३-३५ पीएसआय हवा भरतो, म्हणजे ९ एमएममध्ये त्याच्या हजारपट. आणि हे सगळं करणारी पावडर ग्रॅमभरसुद्धा नसते, साधारण एक तृतीयांश ग्रॅम. म्हणून तिथे वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आणि चांगला काटा त्याचाही दहावा भाग दाखवतो. एवढ्या नाजूक काट्याला पंख्याची झुळूकसुद्धा पुरते चुकीचं दाखवायला, म्हणून काटा आधी ठरलेल्या वजनाच्या तुकड्याने तपासायचा, वारा बंद करायचा आणि मगच हात लावायचा.

खरा धोका कुठे आहे हे बघायला .३८ स्पेशल घ्या. हे काडतूस १८९८ चं, काळ्या पावडरीच्या, म्हणजे जुन्या धुराच्या दारूच्या जमान्यातल्या मापाचं, म्हणजे पुंगळी चांगली लांब. काळ्या पावडरीने ती भरून जायची. आजची पावडर इतकी ताकदवान की तिच्या हलक्या मापाने पुंगळीचा तळच भरतो, वरची अर्ध्याहून जास्त जागा रिकामी. आता तुम्ही पावडर टाकली, तेवढ्यात फोन वाजला, बोलून आलात आणि त्याच पुंगळीत परत एकदा टाकली, तर दुप्पट पावडर आरामात आत मावते आणि वर बुलेटही नीट बसते. बाहेरून ते काडतूस बाकीच्यांसारखंच दिसतं. मघाचं चक्र आठवा, पावडर दुप्पट म्हणजे प्रेशर दुप्पट असला साधा हिशोब इथे नाही, ते त्याहून बरंच वर जातं आणि चांगल्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, फुटू शकतं.

याच्या उलटी चूक म्हणजे पावडर टाकायचीच राहून जाणं. ऐकायला निरुपद्रवी वाटतं ना? पण एकट्या प्राइमरमध्ये बुलेटला नळीत थोडं आत ढकलण्याएवढा जोर असतो, आणि बुलेट तिथेच अडकते. आवाज येतो तो फटाका फुसका निघाल्यासारखा बारीक. नेमबाज घाईत असला आणि त्याने पुढची गोळी झाडली तर दुसरी बुलेट पहिलीवर आदळते आणि बॅरल फुगते किंवा फाटते. म्हणून आवाज जरा जरी वेगळा आला की थांबायचं, बंदूक पुढे रोखूनच ठेवायची, मग रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे का ते बघायचं.

तिसरी भानगड जागेचीच. पिस्तुलात काडतूस मॅगझीनमधून उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकललं जातं, तेव्हा बुलेटचं नाक आपटतं. ती सैल बसली असेल तर आत सरकते. पावडर तेवढीच, जागा कमी, आणि ९ एमएमची पुंगळी मुळातच छोटी त्यामुळे थोडीशी सरकली तरी प्रेशर झपकन वर जातं. जाणकार भरलेलं काडतूस टेबलावर टेकवून अंगठ्याने दाबतात आणि आधीची-नंतरची लांबी कॅलिपरने बघतात, फरक आला तर पकड कमी आहे.

या चुकांवर मला सगळ्यात हुशार वाटलेला उपाय पावडर निवडण्यातच आहे. एवढी फुगीर पावडर घ्यायची की एका मापाने पुंगळी अर्ध्याहून जास्त भरली पाहिजे, मग दुसऱ्यांदा टाकली की उतू जाऊन टेबलावर सांडणारच, लक्ष नसलं तरी कळतं. माणसाच्या सावधपणावर सगळं सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्याच्या जोडीला पन्नास पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करायच्या आणि बुलेट बसवायच्या आधी वरून बॅटरी मारून सगळ्यांची पातळी एका नजरेत बघायची. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, कारण झटपट जळणारी पिस्तूलची आणि हळू जळणारी रायफलची पावडर दिसायला अगदी सारखी असू शकते. माप छापील टेबलातलंच घ्यायचं आणि कमी मापापासून सुरुवात करायची, मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं माप वापरायचं नाही. आणि हो, झाडलेल्या प्राइमरचा चपटेपणा बघून प्रेशर ओळखतो असं सांगणारे बरेच भेटतात, पण हँडगनच्या (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या) प्रेशरला ती खूण भरवशाची नाही, काही काडतुसांत तर प्राइमर चपटा दिसेपर्यंत प्रेशर केव्हाच मर्यादा ओलांडून गेलेलं असतं.

साठवणीचा नियम ऐकला की आधी उलटाच वाटतो. अमेरिकेच्या फायर कोडप्रमाणे घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यात ठेवता येते, त्याहून जास्त असेल तर निदान एक इंच जाड लाकडाची पेटी लागते. लाकडाची, लोखंडी तिजोरी नाही! कारण आग लागली तर लाकूड काही वेळ उष्णता अडवतं, आणि पावडर पेटलीच तर पेटी उघडते, प्रेशर साठत नाही, घट्ट तिजोरीचा मात्र बॉम्ब होतो. प्राइमर मूळ पॅकिंगमध्येच ठेवायचे, काचेच्या बरणीत ओतून तर अजिबातच नाही, कारण एक फुटला की शेजारचे सगळे एकदम फुटतात.

पावडर म्हातारीही होते. नायट्रोसेल्युलोज हळूहळू मोडतं, त्यातून निघणारी ॲसिडं त्याला आणखी मोडतात. फ्रेंच नौदलाची इएना ही युद्धनौका १९०७ ला आणि लिबर्ते १९११ ला तुलाँ बंदरात फुटली, दोन्हींचं कारण खराब झालेली पावडर हेच मानलं जातं. आज पावडरीत ती ॲसिडं टिपून घेणारं डायफेनिलअमाइनसारखं स्टॅबिलायझर असतं, पण तेही कधीतरी संपतं. डबा उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूर दिसला तर ती वापरायची नाही.

पितळेची गोष्ट तर थेट आपल्याकडची आहे. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरला चिकटते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आकसते म्हणून बाहेर निघते. भारतातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असायची, आणि पाऊस सरला की बऱ्याच पुंगळ्यांना चिरा पडलेल्या, त्याही जिथे बुलेट आवळलेली तिथेच जास्त. १९२१ मध्ये उलगडा झाला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूत आधीच साठलेला ताण, दोन्ही मिळून पितळ तडकतं. म्हणून आजही पुंगळ्या चमकवायला अमोनियावालं पॉलिश वापरू नका असं सांगतात. तसंही दरवेळी फुगून आणि परत मापात आणणाऱ्या डायमध्ये (साच्यात) दाबून पितळ कडक होत जातं, तोंडाशी बारीक चीर दिसली की पुंगळी भंगारात.

आणि शिसं, ज्याच्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. प्राइमरच्या राखेत शिसं असतं, ती राख पुंगळीत बसते, आणि कोरड्या मशीनमध्ये मक्याच्या कणसाचा भुसा घालून पुंगळ्या घुसळल्या की धुळीतून हवेत येते. बंदूक फुटणं क्वचित, ही धूळ मात्र रोजची, आणि घरात लहान मूल असेल तर जास्तच वाईट कारण मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. म्हणून मशीन घराबाहेर चालवायचं, नाहीतर पाण्यात स्टीलच्या पिना घालून धुवायचं, टेबलापाशी खायचं-प्यायचं नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे. धुतलेल्या पुंगळ्या वाळवायला किचनमधला ओव्हन वापरणारे महाभागही आहेत, आणि त्याच ओव्हनमध्ये रात्री पोरांसाठी पिझ्झा लागतो.