मचूळ टँकमध्ये कोणाला कोणाबरोबर ठेवायचं

पफर (धोका वाटला की फुगणारा मासा) घेणाऱ्यांचा आम्हाला दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "याच्यासोबत अजून काय टाकू?" आणि आमचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही, कारण ते असतं "शक्यतो काहीच नको." मग चेहरे पडतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मासे निवडायच्या आधी पाणी ठरवा. मचूळ म्हणजे गोडं आणि समुद्राचं यांच्या मधलं, पण हे "मधलं" खूप मोठं आहे. हायड्रोमीटरवर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवणारं साधन) गोडं पाणी १.०००, समुद्र साधारण १.०२५. चमचाभर मीठ टाकलं म्हणून टँक मचूळ होत नाही, आणि स्वयंपाकातलं मीठ तर नकोच, मरीन सॉल्टच (समुद्री टँकसाठीचं मीठ) लागतं कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे असतं आणि त्याने पीएचही साडेसातच्या वर टिकतो. १.००५ हवं असेल तर लिटरला अंदाजे ९ ग्रॅम टाका, आधी बादलीत पूर्ण विरघळवा, मग मोजा. हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटला की रीडिंग चुकतं, म्हणून एकदा टिचकी मारून बघा. टँकमधलं पाणी उडून कमी झालं की वरून साधं पाणी घाला, मीठ उडत नाही, ते आतच राहतं (हे विसरून दर वेळी खारं पाणी घालणारे कितीतरी जण भेटतात, आणि मग मीटर बघून दचकतात).

आता मासे. १.००५ च्या आसपास खूश राहणारे छोटे म्हणजे बंबलबी गोबी, नाइट गोबी, ऑरेंज क्रोमाइड, मॉली आणि फिगर एट पफर. सगळ्यांना पाणी तेच चालतं म्हणून सगळे एकत्र चालतात असं मात्र नाही हं. नाइट गोबी बंबलबीला सरळ गिळतो. बंबलबी जेमतेम दीड इंचाचा, पोटाखालच्या परांनी काचेला चिकटून बसतो, नाकासमोरून पेलेट (कोरड्या खाण्याची गोळी) खाली गेली तरी मान वळवत नाही, त्याला जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) नाहीतर फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) हवे, आणि शेजारी मॉली असतील तर त्या तेही आधीच संपवतात. असे गोबी हळूहळू खंगतात आणि मालक म्हणतो "काही आजार नव्हता हो." त्यामुळे बंबलबी एकटेच ठेवा, सात-आठ जणांचा घोळका आणि लपायला भरपूर जागा. बंबलबी सोडून वेगवेगळे मासे एकत्र हवेच असतील तर ऑरेंज क्रोमाइड, मॉली आणि नाइट गोबी हे त्रिकूट आमच्या पसंतीचं. फक्त मॉलीची पिल्लं उरतील अशी आशा ठेवू नका, आणि क्रोमाइडने अंडी घातली की त्या कोपऱ्यात बाकीच्यांना प्रवेश बंद.

पफरबद्दल जरा जास्त बोलावं लागतं कारण गोंधळ तिथेच होतो. फिगर एटच्या पाठीवर पिवळट वळणांची नक्षी असते, तो ३ इंचांवर थांबतो आणि कमी खारट पाण्यात आयुष्य काढतो. दुसरा ग्रीन स्पॉटेड पफर, त्याच्या पाठीवर गोल काळे ठिपके असतात, तो सहाएक इंच होतो आणि वाढत्या वयात त्याचं पाणी हळूहळू जास्त खारं करत न्यावं लागतं. लहानपणी दोघं सारखेच गोंडस, डोळे फिरवत काचेपाशी येतात, म्हणून लोक फसतात. दोघांचेही दात सतत वाढतात, कडक कवचाच्या गोगलगाई द्याव्याच लागतात, आणि शेजाऱ्याचा लांब पर दिसला की चावा ठरलेला. फिगर एट आणि बंबलबी काही जणांकडे छान नांदतात, काहींकडे सकाळी गोबीला शेपूटच नसते, सगळं त्या एका पफरच्या स्वभावावर, आम्ही गॅरंटी देत नाही.

मोनो, स्कॅट आणि आर्चर ही मोठी मंडळी एकमेकांबरोबर चांगली जमतात, पण २ फुटी टँकवाल्याने तिकडे बघूच नये. स्कॅट फूटभर होऊ शकतो, मोनोला घोळका लागतो, एकटा मोनो बुजून कोपरा धरतो. स्कॅट झाडं फस्त करतो, आणि जाळीत धरताना त्याच्या पाठीचे काटे सांभाळा, विषारी असतात आणि सणकून ठणकतात. आर्चरसाठी पाण्यावर मोकळी जागा सोडा. झाकण उघडून वाकलात की तो डोळ्यावर नेम धरून पिचकारी मारतो, आमच्या चष्म्यावर रोज एक तरी बसते.

"सिल्व्हर टिप शार्क" नावाने मिळणारा चंदेरी मासा गोड्या पाण्याचा म्हणून विकला जातो, पण तो खरं तर कॅटफिश आहे, फूटभर वाढतो आणि मोठेपणी त्याला समुद्राचंच पाणी लागतं. आम्ही तो टँकचं माप विचारल्याशिवाय देत नाही, राग आला तरी चालेल. निऑन टेट्रा, कोरीडोरस, गोल्डफिश यांना मचूळ पाण्यात घालू नका.

चालू टँकचं मीठ वाढवायचं असेल तर आठवड्याला ०.००२ च्या वर जाऊ नका, नाहीतर फिल्टरमधले घाण पचवणारे बॅक्टेरिया दगावतात आणि माशांना विषारी असलेला अमोनिया चढतो. येताना बाटलीत तुमच्या टँकचं पाणी घेऊन या, आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) बघून देऊ, मग मासा पिशवीत भरू.