आतडी गप्प झाली की

द्राक्षाच्या पट्ट्यात, म्हणजे निफाड-पिंपळगाव-दिंडोरीकडे, रात्रपाळी केलेल्या डॉक्टरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. रात्री दीडला दोन घाबरलेले मित्र एका बेशुद्ध तरुणाला उचलून आणतात. काय घेतलं, किती घेतलं, कुणीच सांगत नाही. "झोपला होता डॉक्टर, उठेचना." पापणी वर करून टॉर्च मारली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

आपल्याकडे पहिला संशय फवारणीच्या औषधावर जातो, आणि तो रास्तच आहे. बागायतदाराच्या घरात पडवीतल्या कोपऱ्यात बाटल्या असतातच. पण बाहुली इतकी बारीक करणारा दुसराही एक गट आहे: अफूच्या कुळातली औषधं. उतारा म्हणून एकाला अ‍ॅट्रोपिन द्यायचं, दुसऱ्याला नॅलॉक्झोन. चुकायला वाव नाही. अशा वेळी अनुभवी डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवरून खाली सरकवतो आणि पोटावर ठेवतो.

ऑरगॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक पोटात गेलं असेल तर आत नुसता गडगडाट ऐकू येतो. तोंडातून लाळ, जुलाब, घामाने सदरा चिंब. अफूकुळातलं औषध असेल तर अंग कोरडं, श्वास मिनिटाला जेमतेम पाच-सहा आणि पोटात शांतता. आतडी गप्प.

हे असं का होतं ते समजायला फार अवघड नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं असतं. घास पुढे ढकलायचा की थांबवायचा हे ते बरंचसं स्वतःच ठरवतं, मेंदूला दर वेळी विचारत बसत नाही. या पेशी ज्या रसायनातून स्नायूंना हुकूम सोडतात त्यातलं मुख्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. हुकूम पोचला की एक विकर (एन्झाइम) ते लगेच तोडून टाकतं. कीटकनाशक या विकरालाच निकामी करतं, म्हणजे नळ सुरू झाला तो बंदच होत नाही. अफूतलं मॉर्फिन चेतापेशीवरच्या 'म्यू' नावाच्या ग्राहकाला (रसायन जिथे येऊन बसतं त्या जागेला, म्हणजे रिसेप्टरला) चिकटतं आणि अ‍ॅसिटिलकोलिन सुटूच देत नाही. नळ उघडतच नाही. जुन्या बायका हगवणीवर अफूचा कण द्यायच्या, त्यामागचं शास्त्र हेच. (स्वयंपाकघरातली खसखस त्याच झाडाचं बी. अनरशाने नशा चढत नाही, पण बियांना लागलेल्या चिकामुळे भरपूर खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत थोडं मॉर्फिन सापडू शकतं.)

तो तरुण वाचला नाही, तर पुढचं वाक्य पेपरात ठरलेलं असतं: 'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.' हे वाक्य आपण हजारदा वाचतो, पण बरणीत नेमकं काय जातं? आतल्या ऐवजासह अख्खं जठर, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा तुकडा, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. आणि सोबत मिठाचं संपृक्त पाणी. हो, साधं मीठच. कैरी टिकते त्याच तत्त्वावर. फॉर्मालिन इथे चालत नाही, कारण ते विषाच्या तपासणीत घोळ घालतं. रक्त वेगळ्या बाटलीत, सोडियम फ्लोराइड घालून. मग लाखेचं सील, चिठ्ठी आणि नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवानगी. तिथून येणाऱ्या कागदाला पोलीस आणि डॉक्टर अजूनही जुन्या नावाने 'सीए रिपोर्ट' (केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल) म्हणतात, आणि 'आला का सीए रिपोर्ट?' हा प्रश्न महिनोन्‌महिने विचारला जातो.

अवयवातून वनस्पतीचं विष वेगळं काढायची रीत सुरू झाली ती एका सरदारी खुनामुळे. 1850 साली बेल्जियममध्ये एका काउंटने तंबाखूतून निकोटिन काढून आपल्या मेहुण्याला पाजलं. वनस्पतीचं विष मृतदेहातून वेगळं काढण्याची खात्रीची पद्धत तोवर नव्हती. जाँ स्तास या रसायनशास्त्रज्ञाने आम्ल, अल्कोहोल आणि इथर यांचा खेळ करून ते काढून दाखवलं. पुढे ऑटो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुधारलेली ती पद्धत आपल्या प्रयोगशाळांत आजही शिकवतात. नंतरची ओळखपरेड मात्र क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटरची यंत्रं करतात.

यंत्र आकडा देतं. त्या आकड्याचा अर्थ लावणं ही खरी विषशास्त्रज्ञाची कसोटी, आणि इथे आतडी पुन्हा आडवी येतात. अफूकुळातलं औषध जठर रिकामं होण्याचा वेग फार मंदावतं. गोळ्या तासन्‌तास तिथेच पडून राहतात. माणसाला वाटतं, अजून काहीच होत नाही, आणि तो आणखी घेतो. मृत्यूनंतर जठरात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या दिसल्या म्हणून 'नुकत्याच घेतल्या' असं म्हणता येत नाही. शिवाय मेल्यावरही औषध जागेवर बसत नाही. जठर आणि यकृत यांच्यातून ते शेजारच्या हृदयातल्या रक्तात झिरपतं, आणि तिथलं प्रमाण जिवंतपणी होतं त्यापेक्षा फुगलेलं दिसतं. म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं असतं. एवढ्या एका कारणाने अपघात आत्महत्येसारखा वाटू शकतो.

नशा करणाऱ्याचं पोट जिवंतपणीही छळतं. नशेची सवय होते, तेवढ्याच डोसात मजा येईनाशी होते, पण बद्धकोष्ठाची सवय शरीराला फारशी होतच नाही. म्हणजे डोस वाढत जातो आणि आतडी आणखी थंडावतात. औषध तोडलं की बरोबर उलटं: पोटात पिळवटणं, जुलाबावर जुलाब. मग माणूस मेडिकलमध्ये जाऊन जुलाबाची गोळी मागतो. इथूनच मला सर्वांत चकित करणारी गोष्ट सुरू होते.

जुलाबाच्या त्या गोळीतलं औषध म्हणजे लोपेरामाइड. ते 1969 साली बेल्जियममधल्या जान्सेनच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते अफूकुळातलंच आहे, आतड्यातल्या त्याच म्यू ग्राहकावर बसतं. तरी नशा येत नाही, कारण मेंदूच्या वेशीवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप आहे, तो आलेलं लोपेरामाइड पुन्हा बाहेर फेकतो. गोळी 2 मिलिग्रॅमची, डॉक्टरी सल्ल्यानेही दिवसाला कमाल 16 मिलिग्रॅम. जुलाब थांबवायला एवढं पुष्कळ झालं. पण तोडीच्या त्रासात काही जणांनी एकाच दिवसात पन्नास-शंभर गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पंप किती पुरा पडणार?

2016 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या विषशास्त्रज्ञांनी 2012 पासूनची 21 प्रकरणं मांडली. या मृतांच्या रक्तात लोपेरामाइड लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमच्या वर होतं, म्हणजे नेहमीच्या औषधोपचारात आढळणार नाही इतकं. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने हृदयाच्या धोक्याची सूचना काढली. हृदयाच्या पेशीत पोटॅशियम बाहेर सोडणारं एक दार असतं. दर ठोक्यानंतर त्या दारामुळे पेशी पुन्हा सज्ज होते. भरमसाट लोपेरामाइड हे दार अडवतं, ईसीजीतलं 'क्यूटी' अंतर (ठोक्यापासून पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ) ताणलं जातं आणि ठोके पिळवटल्यासारखे बेताल होतात. जुलाबाच्या गोळीने माणूस हृदय बंद पडून जातो.

या दाराशी पोटाच्या औषधांचं जुनं वैर आहे. जळजळीवरच्या सिसाप्राइडनेही तेच दार अडवलं होतं, भारतात 2011 साली त्यावर बंदी आली. पोटात कळ येते म्हणून दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमधलं डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हेही अफूकुळातलं आणि हृदयाला घातक. ईशान्य भारतात पोरं ती कॅप्सूल फोडून शिरेत टोचून घेत. 2013 मध्ये केंद्राने त्याचं उत्पादन आणि विक्री थांबवली.

आपल्या नाशिक जिल्ह्याची चर्चा वेगळ्या मालाची असते. मालेगावची 'कुत्ता गोळी', म्हणजे अल्प्राझोलॅम हे गुंगीचं औषध. शिंदे गावात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेला एमडीचा (मेफेड्रोन या उत्तेजक नशेच्या पावडरीचा) कारखाना. कुत्ता गोळी एकटी क्वचितच मारते, दारूबरोबर किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबरोबर घेतली की श्वास दाबते. एमडीने बाहुल्या उलट विस्फारतात. ही नावं पोलिसांना तोंडपाठ आहेत, त्यामुळे ती शोधलीही जातात.

लोपेरामाइडचं तसं नाही. लघवीच्या झटपट चाचणीची पट्टी ते ओळखत नाही, मास स्पेक्ट्रोमीटरवर मुद्दाम शोधावं लागतं. आणि काय शोधायचं हे प्रयोगशाळेला बरंचसं व्हिसेऱ्यासोबत आलेल्या पत्रावरून कळतं. एडी (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होते, पंचनामा होतो, खोलीतली सिरिंज, दारूची बाटली, मोबाइल जप्त होतो. उशीखाली किंवा कचऱ्याच्या डब्यात जुलाबाच्या गोळ्यांची दहा रिकामी पाकिटं असली, तर ती मोजून पंचनाम्यात लिहिणारा हवालदार मी अजून पाहिलेला नाही.