बॅटरी फुल्ल चार्ज करून ठेवू नका : आमच्या ग्राहकांसाठी आणि शिकाऊ पायलटांसाठी

‘ड्रोन वर जातो, पण दोन मिनिटांत वॉर्निंग देऊन खाली उतरायला लागतो. मोटर कमजोर झाली असेल, बदलून द्या.’ दुरुस्तीला येणाऱ्या ड्रोनबरोबर ही तक्रार नेहमी येते. ड्रोन येतो, बॅटरी मात्र घरीच राहते. मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट), प्रोपेलर तपासले की सगळं ठणठणीत निघतं. मग बॅटरी मागवायची, आणि दोष तिच्यात सापडतो. यात तुमच्या कामाचा खोळंबा होतो आणि आमचाही वेळ जातो.

ड्रोनची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी उडवण्यापेक्षा चुकीच्या पद्धतीने ठेवल्याने जास्त खराब होते. ‘ऐनवेळी घाई नको’ म्हणून बरेच जण फ्लाइट संपली की लगेच फुल्ल चार्ज करतात आणि बॅटरी बॅगेत टाकून देतात. पुढचं उड्डाण कधी तीन आठवड्यांनी होतं. तोवर बॅटरीच्या पॅकमधला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर ताणलेला असतो. इतक्या व्होल्टेजला आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं, गॅस तयार होतो आणि पॅक फुगतो. बंद गाडीत किंवा उन्हात ठेवली तर हेच फार लवकर होतं. फुगण्याच्या आधीच सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज देताना सेलच्या आतच होणारा अडथळा, वाढलेला असतो. अशी फोर-एस (एकापुढे एक चार सेल जोडलेली) बॅटरी जमिनीवर १६.८ व्होल्ट दाखवते, तुम्हाला वाटतं फुल्ल आहे. थ्रॉटल दिला की व्होल्टेज धाडकन कोसळतं आणि ड्रोन लँडिंगला लागतो. मोटरवर आळ येतो तो इथे.

उपाय सोपा आहे. दोन-तीन दिवसांत उडवायचं नसेल तर चार्जरवर ‘स्टोरेज’ मोड लावा. तो प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणतो, म्हणजे फोर-एसला साधारण १५.२ ते १५.४. फुल्ल चार्ज उड्डाणाच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी करा. हाय-व्होल्टेज सेलचे आकडे वेगळे असतात, ते लेबलवर पाहा. स्मार्ट बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःच चार्ज उतरवतात, पण त्यांनाही फुल्ल ठेवायची सवय नको.

उलट टोकही वाईटच. सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की उतरा. ३ च्या खाली गेलेला सेल सहसा पूर्ववत होत नाही. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला गार लागू द्या. ५००० एमएएच क्षमतेच्या पॅकला चार्ज करायला ५ अँपिअर पुरे.

फुगलेल्या पॅकमधला एकच सेल बदलून द्या, असा आग्रह होतो. आम्ही ते करत नाही. जुन्या सेलमध्ये नवा सेल घातला की क्षमता जुळत नाही, बॅलन्स बिघडतो आणि पुढच्या चार्जिंगला आगीचा धोका राहतो. तुमचा ड्रोन कोणाच्या तरी डोक्यावरून उडणार आहे, म्हणून आम्ही इथे नाही म्हणतो. आमच्या प्रशिक्षणात पहिला तास बॅटरीचा असतो तो याचसाठी. काही मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, त्यांना थेट स्टिक हातात हव्या असतात. पण सेलचे आकडे वाचायला शिकलेला पायलट ड्रोन कमी पाडतो, हे आम्ही बॅचमागून बॅच बघतो आहोत.

सर्व्हिसिंगला आलेल्या ड्रोनच्या बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध आम्ही सेलनिहाय मोजतो आणि आकडे तारखेसकट पॅकवर चिकटवतो. एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच वर दिसला की पॅक कधी बदलावा लागेल ते आधीच कळतं. नवा पॅक आमच्याकडूनच घ्या असं नाही. पण कुठूनही घेतलात तरी पहिल्या उड्डाणाआधी एकदा मोजून घ्या.

येताना ड्रोन, रिमोट, चार्जर आणि सगळ्या बॅटऱ्या आणा, चांगल्या वाटणाऱ्याही. फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, कुरिअरने पाठवू नका. धातूच्या डब्यात वाळूवर ठेवा आणि आधी फोन करा.