केईएम रुग्णालयातील वैद्यकीय संशोधन

परळ (मुंबई) येथील राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांत झालेले संशोधनकार्य. रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले. महाविद्यालयातील अध्यापक भारतीय व सरकारी नोकरीबाहेरचे असावेत, अशी महाविद्यालयाला मिळालेल्या देणगीच्या विश्वस्तांची अट होती. मुंबईच्या सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेजातील वरच्या जागा तेव्हा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेकडे असल्याने या अटीला अर्थ होता. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाता.

सर्पगंधा : या वनस्पतीच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात 1931 मध्येच लिहिले होते. केईएममधील रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरील निरीक्षणे 1949 मध्ये ब्रिटिश हृदयविकार नियतकालिकात मांडली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे गेले. म्हणून वकील यांना शोधक म्हणण्यापेक्षा चिकित्सालयीन पुरावा उभा करणारे म्हणणे योग्य. 1957 मध्ये त्यांना लास्कर हा अमेरिकेतील वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार मिळाला.

बॉम्बे रक्तगट : वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन व्यक्तींच्या रक्ताची नोंद केली. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए, बी आणि एच यांपैकी कोणतेच प्रतिजन (रक्तगट ठरवणारे पेशीवरील पदार्थ) नव्हते; रक्तद्रवात मात्र तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे (प्रतिजनांना चिकटणारी प्रथिने) होती. शोधाची हकीकत दोन प्रकारे सांगितली जाते. एकीनुसार जखमी रुग्णांसाठी जुळणारे रक्त मिळेना, त्यातून हा प्रकार उघड झाला; दुसरीनुसार हिवतापावरील अभ्यासाच्या ओघात तो सापडला. असे रक्त क्रॉसमॅच (दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळते का, हे पाहणारी चाचणी) करतानाच खटकते, हे पाहता पहिली हकीकत अधिक संभाव्य वाटते.

एच हे ए व बी प्रतिजनांचे पूर्वद्रव्य आहे. एच तयार करणारे, फ्यूकोज शर्करा जोडणारे विकर (एन्झाइम) नसेल, तर ए किंवा बी जनुक असूनही त्याच्या विकराला काम करायला आधार उरत नाही. त्यामुळे नेहमीच्या पेशी-चाचणीत ही व्यक्ती ‘ओ’ ठरते. फरक कळतो तो रक्तद्रव ज्ञात गटांच्या पेशींशी मिसळण्याच्या उलट चाचणीत, कारण तिचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करतो. ओ गटाचे रक्त दिल्यास ते शरीरात फुटते. अशा व्यक्तीला याच गटाचे रक्त लागते. 1997 मध्ये या गटाच्या भारतीय व्यक्तींत एच तयार करणाऱ्या विकराच्या एफयूटी-1 जनुकातील एका बदलाबरोबर शेजारचे एफयूटी-2 जनुक पूर्ण गळालेले आढळले. हा बदल एकाच पूर्वजाकडून पसरला असावा, असे मत त्यामुळे बळावते. जवळच्या नात्यातील विवाह हे कारण बहुधा दुय्यम, वारंवारता वाढवणारे. मुंबईत सुमारे 7,600 माणसांमागे एक हे प्रमाण बरेचदा उद्धृत होते. युरोपात ते दहा लाखांत एक असे सांगतात. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे नाही.

हृदयरोपण : प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये येथे भारतातील पहिले मानवी हृदयरोपण केले, रुग्ण काही तासच जगला. ते जगातील चौथे की सहावे, यावर लेखनात गोंधळ दिसतो. दक्षिण आफ्रिकेचे बर्नार्ड आणि अमेरिकेचे कँट्रोविट्झ यांच्या प्रत्येकी दोन व अमेरिकेचेच शमवे यांची एक अशा पाच शस्त्रक्रिया आधी झाल्या होत्या. तेव्हा शस्त्रक्रिया सहावी, शल्यविशारद चौथे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. सेन यांच्या शस्त्रक्रियेमागे कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोग होते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात रक्त पोकळीतून थेट स्नायूंत झिरपते, यावरून सुचलेली हृदयस्नायूंना सूक्ष्म छिद्रे पाडण्याची सेन यांची पद्धत मात्र आता फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ज्याच्या आधारे दात्याचे हृदय घेता येते, त्या मेंदुमृत्यूला भारतात कायद्याची मान्यता 1994 मध्ये मिळाली.

नलिकाबालक (शरीराबाहेर फलन करून जन्मलेले मूल, टेस्ट ट्यूब बेबी) : इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी येथे एका मुलीचा जन्म झाला. तिला अनेक वर्षे भारतातील पहिले नलिकाबालक म्हटले गेले. मात्र कलकत्त्याचे सुभाष मुखर्जी यांनी 3 ऑक्टोबर 1978 च्या जन्माचा दावा केला होता; सरकारी समितीने तो फेटाळला आणि 1981 मध्ये मुखर्जींनी आत्महत्या केली. त्यांची टिपणे तपासून 1997 मध्ये श्रेय त्यांना देणारे आनंद कुमारच होते. प्रतिस्पर्ध्याची अशी साक्ष विरळा, म्हणून ती ग्राह्य मानावी. केईएमच्या जन्माला ‘शास्त्रीयदृष्ट्या नोंदलेला पहिला’ हे विशेषण लावणे अधिक नेमके.

आयुर्वेदीय औषधे : शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी औषधशास्त्राच्या कसोट्या लावून गुळवेलीचा अभ्यास केला, अवरोधी काविळीच्या (पित्तमार्ग अडल्याने होणाऱ्या) रुग्णांवर शस्त्रक्रियेपूर्वी तिचा प्रयोग झाला. महाविद्यालयाच्या अध्यापकांनी 1955 मध्ये सुरू केलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक आजही निघते.