ऑर्ग मोडची पार्श्वभूमी: ज्याची त्याची वही, ज्याचे त्याचे नियम

ऑर्ग मोड हा ईमॅक्स या एडिटरमधला, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधला, नोंदी आणि कामांच्या यादीसाठीचा भाग. तो वापरणाऱ्या दोघांचे पडदे शेजारी ठेवले, तर ते एकच सॉफ्टवेअर वापरताहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. एकाची सगळी कामं 'करायचंय' आणि 'झालं' या दोन खुणांत मावतात, तर दुसऱ्याकडे 'वाट पाहतोय', 'कधीतरी', 'रद्द' अशी मोठी उतरंड. एकाचा दिवसाचा अजेंडा चार ओळींत संपतो, दुसऱ्याचा रेल्वेच्या वेळापत्रकासारखा पानभर पसरलेला. फाइली मात्र दोघांच्याही साध्या मजकुराच्या असतात, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचाव्यात अशा. नोंदी आणि कामांच्या यादीसाठी एवढी जुळवाजुळव करायची सवय लोकांना लागली कशी, हे समजून घ्यायचं तर ऑर्गच्या जन्माच्या बरंच मागे जावं लागतं.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये टेको नावाचा एडिटर वापरात होता. एकेका अक्षराच्या आज्ञा एकापुढे एक लिहायच्या आणि मग मजकुरात काय बदललं ते छापून पाहायचं, असा तो कारभार. कार्ल मिकेलसन यांनी त्यात टाइप करता करता पडद्यावर बदल दिसण्याची सोय घातली. १९७४ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तिच्यावर आणखी एक मजला चढवला: कुठल्याही बटणाला आपण लिहिलेला मॅक्रो, म्हणजे आज्ञांची तयार साखळी, जोडता येऊ लागला. मग काय, लॅबमधला प्रत्येक जण आपापले मॅक्रो लिहायला बसला. दोनएक वर्षांत अशी गत झाली की दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं तर कोणतं बटण काय करेल याचा नेम नाही. १९७६ मध्ये गाय स्टील यांनी या निरनिराळ्या संचांचा मेळ घालायला सुरुवात केली, स्टॉलमन यांनी ते काम तडीस नेलं आणि त्यातून ईमॅक्स उभा राहिला.

म्हणजे ईमॅक्स हा आधी आराखडा काढून बांधलेला एडिटर नव्हता. लोकांच्या खासगी सोयी एकत्र करून झालेली ती तडजोड होती. स्टॉलमन यांनी तो वाटताना अटही तशीच घातली: हवा तसा बदला, पण केलेली सुधारणा परत पाठवा. आधी स्वतःपुरता बदल, मग तो इतरांना देणं, मग कोणीतरी सगळ्यांचे बदल एकत्र सांधणं, आणि त्यावर पुन्हा प्रत्येकाची नवी मोडतोड. हे चक्र तिथे सुरू झालं आणि माझ्या मते ऑर्गचा सगळा इतिहास त्याच चक्राचे पुढचे फेरे आहेत.

एक किस्सा इथे सांगायलाच हवा. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या संगणकप्रणालीसाठी वेगळा ईमॅक्स लिहिला, तोही लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. स्टॉलमन सांगतात की तिथल्या कार्यालयातल्या सेक्रेटरी तो वापरू लागल्या आणि हळूहळू आपल्या कामापुरत्या आज्ञाही लिहू लागल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत 'प्रोग्रॅमिंग' असा उल्लेखच नव्हता, त्यामुळे आपल्याला ते जमणार नाही असं त्यांच्या मनात आलं नाही. स्टॉलमन यांचा जीएनयू (हे त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं नाव) ईमॅक्स १९८५ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याच्या पोटातही लिस्पच होती. एडिटर चालू असतानाच त्याची वागणूक बदलता येत होती, आणि जागोजागी 'हूक' ठेवलेले होते. फाइल उघडली की अमुक कर, साठवण्याआधी तमुक कर, असं आपलं काम त्यांना अडकवता येत होतं. लिस्पला बिचकणाऱ्यांसाठी १९९७च्या ईमॅक्स २० मध्ये 'कस्टमाइझ' आलं: पर्यायांची यादी, त्यापुढे चौकटी, बदल करा आणि साठवा. तरी आजही निम्मे जुने खेळाडू त्याच्याकडे फिरकत नाहीत. हाताने लिहिलेली कॉन्फिग फाइल, म्हणजे आपल्या सगळ्या बदलांची फाइल, हीच खरी, अशी त्यांची धारणा असते, आणि ती थोडी गर्वाचीही आहे.

आता ऑर्ग. कार्स्टन डॉमिनिक हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. ग्रहांची निर्मिती आणि ताऱ्यांभोवतीची धूळ हा त्यांचा अभ्यासविषय. संशोधन निबंधातले संदर्भ सांभाळणारं 'रेफटेक' हे ईमॅक्सचं पॅकेज, म्हणजे त्याला जोडायचा प्रोग्रॅम, त्यांनी आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे हात बसलेला होता. नोंदी आणि प्रकल्प लावायला ते ईमॅक्समधला जुना 'आउटलाइन मोड' वापरत. ओळीच्या सुरुवातीला एक तारांकन म्हणजे मथळा, दोन म्हणजे उपमथळा, एवढंच त्याचं व्याकरण. पण मथळ्याखालचा मजकूर मिटवायला आणि उघडायला अकरा निरनिराळ्या आज्ञा, आणि प्रत्येकीला दोन-तीन बटणं. हे आपल्याला मुळीच मान्य नव्हतं, असं त्यांनीच ऑर्गच्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवलं आहे. दुसरी अडचण म्हणजे विचार बदलला की मथळ्यांच्या झाडाची फांदी उचलून दुसरीकडे लावायची, तर तीही सोय धड नव्हती. त्यांनी आधी 'आउटलाइन-मॅजिक' नावाची छोटी फाइल लिहिली आणि २००३ मध्ये तीच ऑर्ग झाली. अकरा आज्ञांच्या जागी एक टॅब बटण आलं: दाबलं की मथळा उघडतो, पुन्हा दाबलं की पूर्ण फांदी, तिसऱ्यांदा मिटतो.

प्रकल्प मांडायला हे सोयीचं वाटू लागलं तशी मथळ्याला कामाची खूण जोडता आली, मग तारखा आल्या, मग तक्ते. तक्त्यांत सूत्रं घालायची तर ईमॅक्समध्ये 'कॅल्क' हा गणकयंत्राचा अवाढव्य प्रोग्रॅम होताच, तो जोडून घेतला. २००७ मध्ये ऑर्ग थेट ईमॅक्स २२ मध्ये दाखल झाला. डेव्हिड ॲलन यांची 'गेटिंग थिंग्ज डन' ही कामं उरकण्याची पद्धत तेव्हा जोरात होती. काम डोक्यात ठेवू नका, लगेच लिहून टाका आणि पुढची कृती ठरवा, हा तिचा गाभा. ऑर्गने ती पद्धत कोणावर लादली नाही, पण तिच्यासाठी लागणारे सगळे सुटे भाग पुरवले. लोकांनी आपापली घडी बसवली, ती सविस्तर लिहून जाहीर केली आणि इतरांनी त्यातले तुकडे उचलले. एमआयटीतला प्रकारच पुन्हा, फक्त या वेळी जगभर पसरलेला.

सांधण्याचं काम कसं होतं याचा उत्तम नमुना म्हणजे 'कॅप्चर'. जॉन विग्ली यांचं 'रिमेंबर' नावाचं वेगळं पॅकेज होतं: कुठेही काम करत असलात तरी एक छोटी खिडकी उघडून सुचलेलं टिपून ठेवायचं. ऑर्गवाल्यांनी त्याला आपल्या फाइलींशी जोडलं, त्यावर साच्यांची सोय चढवली, आणि डागडुजी इतकी वाढली की २०१० मध्ये डॉमिनिक यांनी ते सगळं नव्याने लिहून ऑर्गमध्येच घेतलं. साचा म्हणजे काय ते जवळून पाहू. समजा ईमेल वाचताना एक काम निघालं. कॅप्चरचं बटण दाबलं की खाली यादी येते: 'टी' म्हणजे काम, 'एन' म्हणजे नोंद, 'जे' म्हणजे रोजनिशी. 'टी' दाबलं की छोटी खिडकी उघडते. त्यात तारांकन आणि 'टूडू' आधीच लिहिलेलं, खाली आजची तारीख-वेळ, त्याखाली त्याच ईमेलचा दुवा, आणि कर्सर नेमका मजकूर लिहायचा तिथे थांबलेला. लिहिलं, कंट्रोल-सी दोनदा दाबलं की ते ठरलेल्या फाइलीतल्या ठरलेल्या मथळ्याखाली जाऊन पडतं आणि आपण पुन्हा ईमेलवर. ही अक्षरं, ते मथळे, तो क्रम, काहीच ऑर्गने ठरवलेलं नसतं. टक्केचिन्ह आणि एकेक अक्षर अशा सांकेतिक खुणांत लिहिलेला दोन-तीन ओळींचा साचा ज्याचा त्याने लिहायचा. ऑर्ग शिकवायला सुरुवात करायची तर मी इथूनच करीन. रंग आणि फाँट नंतर.

त्याच वर्षी ऑर्ग ७ बरोबर 'बेबल' आलं. एरिक शुल्ट आणि डॅन डेव्हिसन यांच्या या कामामुळे नोंदींच्या मधोमध पायथन किंवा 'आर' या भाषांतला प्रोग्रॅम लिहून तिथल्या तिथे चालवता येऊ लागला आणि उत्तर त्याच फाइलीत खाली उमटू लागलं. संशोधकांना याचं मोल लगेच कळलं. कस्टमायझेशनच्या गोष्टीत मात्र त्याने एक गमतीदार वळण आणलं: लोक ईमॅक्सची कॉन्फिग फाइलच ऑर्गमध्ये लिहू लागले. मथळा, खाली 'हे मी का केलं' याचं साध्या भाषेत स्पष्टीकरण, त्याखाली लिस्पचा तुकडा. ईमॅक्स सुरू होताना ऑर्ग त्या फाइलीतून प्रोग्रॅम तेवढा वेगळा काढतो आणि चालवतो. एवढं नटवलेलं ऑर्ग स्वतः ऑर्गमधूनच सुरू होतं!

याची किंमतही आहे. ईमॅक्सच्या आवृत्त्या संथ, ऑर्गच्या भराभर. त्यामुळे अनेक जण नवा ऑर्ग वेगळा बसवतात, आणि ईमॅक्सबरोबर आलेला जुना ऑर्ग आधीच मेमरीत चढलेला असेल तर दोघांची सरमिसळ होऊन अगम्य चुका दिसू लागतात. हा घोळ इतका नित्याचा की ऑर्गमध्ये आवृत्ती तपासून इशारा देणारी सोयच पुढे घालावी लागली. २०१३ मध्ये ऑर्ग ८ आला तेव्हा निकोला गोआझियू यांनी एक्स्पोर्टचा, म्हणजे नोंदी दुसऱ्या प्रकारच्या फाइलींत काढून देण्याचा, सगळा भाग नव्याने बांधला. तोपर्यंत एचटीएमएल, लेटेक वगैरे प्रत्येक प्रकाराचा वेगळा संसार होता, तो एका पायावर आला. काम अत्यंत गरजेचं होतं, पण कित्येकांच्या कॉन्फिगमधली नावं एका रात्रीत निरुपयोगी झाली. त्यामानाने क्षुल्लक पण जास्त बोभाटा झालेला बदल आवृत्ती ९.२ मधला: 'लहान' चिन्ह (<) आणि 'एस' टाइप करून टॅब दाबलं की प्रोग्रॅमची चौकट उघडायची, ते बंद पडलं. परत हवं असेल तर 'ऑर्ग-टेम्पो' नावाचा भाग एका ओळीने चालू करायचा. ओळ एकच, पण बोटांना लागलेली सवय मोडली की माणूस चिडतो.

अलीकडचे फेरे थोडक्यात. ईमॅक्सची तयार घडी देणारे 'स्पेसमॅक्स' आणि 'डूम' आले आणि ऑर्गकडे वळणाऱ्या नव्या लोकांना कोऱ्या कॉन्फिगची धास्ती उरली नाही. दुसऱ्याने बांधलेलं घर मात्र गळू लागलं की पाणी कुठून येतंय ते कळत नाही, हा त्यातला तोटा. २०२० मध्ये जेथ्रो कुआन यांचं 'ऑर्ग-रोम' आलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांच्या पेटीवरून घेतलेली ही कल्पना: छोट्या नोंदी, आणि कोणती नोंद कोणाकडे बोट दाखवते याचा हिशेब. तो हिशेब ऑर्ग-रोम एका डेटाबेसमध्ये ठेवतं. प्रोतेसिलाओस स्ताव्रू यांच्या २०२२ मधल्या 'डिनोट'ने उलट रस्ता धरला: डेटाबेस नकोच, तारीख, शीर्षक आणि विषय सगळं फाइलीच्या नावातच लिहा. मला दुसरा मार्ग ऑर्गच्या मूळ वळणाला जास्त धरून वाटतो. डेटाबेस बिघडला तरी नोंदी सुखरूप राहतात हे खरं, पण नुसती नावांची यादी पाहून हवं ते सापडणं याला तोड नाही.

फाइल साधी असली तरी ऑर्गचं व्याकरण बराच काळ ईमॅक्सच्या प्रोग्रॅममध्येच राहत होतं, हेही सांगायला हवं. अँड्रॉइडवरचं 'ऑर्गझ्ली' किंवा निओव्हिम या दुसऱ्या एडिटरसाठीचं ऑर्गचं पॅकेज मथळे, खुणा आणि तारखा व्यवस्थित वाचतं, पण आपण घरी केलेली खास रचना तिथे पोचेलच असं नाही. मार्कडाउन ही साध्या मजकुरात मथळे वगैरे खुणा लिहायची दुसरी पद्धत २००४ मध्ये आली, म्हणजे ऑर्गनंतर, आणि तरी सगळीकडे पसरली. तिच्या पसरण्याचं हे एक मोठं कारण.

मराठीत ऑर्ग चालवणाऱ्यांना या सगळ्याचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. ईमॅक्स २० मध्ये जपानी संशोधकांचं 'म्यूल' सामील झालं आणि बहुभाषिक मजकुराचा पाया पडला, २००९च्या ईमॅक्स २३ पासून आतली साठवण युनिकोडवर आली, आणि २०२०च्या ईमॅक्स २७ पासून जोडाक्षरं जुळवण्याचं काम 'हार्फबझ'कडे गेलं. कीबोर्ड ऑपरेटिंग सिस्टिममधून मराठी केला तर कंट्रोलबरोबर दाबलेलं अक्षरही देवनागरी होतं आणि ईमॅक्सला ते शॉर्टकट कळत नाहीत. म्हणून ईमॅक्सच्या स्वतःच्या आयट्रान्स किंवा इनस्क्रिप्ट या टाइप करायच्या पद्धती वापरलेल्या बऱ्या: मजकूर मराठीत, शॉर्टकट जागच्या जागी. कामाच्या खुणा 'करायचंय', 'अडलंय', 'झालं' अशा ठेवता येतात, ऑर्गची त्याला हरकत नाही. तारखेतला वार 'सोम', 'मंगळ' असा आला तरी चालतं. आकडे मात्र इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्डच्या नादात हाताने टाइप केलेल्या तारखेत देवनागरी आकडे उमटले, तर ऑर्गच्या लेखी ती तारीखच नसते. चूक दाखवली जात नाही, काम फक्त अजेंड्यात दिसत नाही.

तक्त्यांचं दुखणं जुनं. ऑर्ग स्तंभाची रुंदी अक्षरांच्या ठरीव मापाने मोजतो, आणि 'ष्ट' किंवा 'र्थ्य' पडद्यावर जेवढी जागा घेतात तिचा त्या मापाशी मेळ बसत नाही. उभ्या रेघा मग प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी उभ्या राहतात. 'व्हॅलाइन' हे पॅकेज पिक्सेल मोजून त्या सरळ करतं. मात्र ठरावीक आकारापेक्षा मोठ्या तक्त्याला ते हात लावत नाही, कारण मोजदादीत एडिटर मंदावतो. ती मर्यादा वाढवायचा पर्याय अर्थातच कस्टमाइझमध्ये आहे.