होमब्रूइंग: ती ६० मिनिटं हॉप्सची, माल्ट एक्स्ट्रॅक्टची नव्हेत

घरी बिअर करण्याच्या (होमब्रूइंग), माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा आटवलेला गोड अर्क वापरणाऱ्या बहुतेक रेसिपी अशा सुरू होतात: एक्स्ट्रॅक्ट पाण्यात विरघळवा, उकळी आणा, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घाला, ६० मिनिटं उकळा. ही ६० मिनिटं कुणासाठी, हे मात्र लिहिलेलं नसतं. वाचणारा धरून चालतो की दोघांसाठी. खरं तर ती फक्त हॉप्ससाठी असतात, आणि घरची पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बिअर, तांबूस आणि जडसर का होते याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

हॉप्समधली अल्फा आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळीच्या उष्णतेत त्यांची रचना हळूहळू बदलते, मग ती वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड माल्टच्या पाण्यात, उतरतात आणि बिअरला कडवटपणा येतो. या कामाला तास लागतो. सुवासाची तेलं तेवढ्या वेळात उडून जातात, म्हणून वासाचे हॉप्स शेवटी पडतात.

माल्टची गोष्ट वेगळी आहे. बार्लीचं मॅशिंग (गरम पाण्यात भिजवून ठेवणं), स्टार्चची साखर होणं, गाळणं, आटवणं हे सगळं कारखान्यात आधीच झालेलं असतं. आपल्या पातेल्यात एक्स्ट्रॅक्टला फक्त विरघळायचं असतं आणि जंतू मरण्यापुरतं तापायचं असतं. त्याला शेवटची १० ते १५ मिनिटं भरपूर झाली. त्याहून जास्त उकळलं की साखर आणि अमिनो आम्लं यांची मेलार्ड अभिक्रिया वाढत जाते, रंग गडद होतो आणि टॉफीसारखी चव येते. वर्ट जितकं दाट, तितकं हे लवकर होतं.

आणि घरी ते दाटच असतं. अमेरिकेतली नेहमीची बॅच ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची. एवढं उकळायला घरची शेगडी पुरत नाही, म्हणून निम्मंच उकळतात आणि नंतर गार पाणी घालून भर करतात. समजा पेल एलसाठी २.७ किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट आहे. १९ लिटरला त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाणी १.००० धरून वर्टची घनता, सुमारे १.०५२ येते. तेच सगळं सुरुवातीलाच साडेनऊ लिटरमध्ये घातलं, तर पातेल्यात १.१०४ च्या आसपासचं वर्ट तासभर खदखदतं. त्याऐवजी ९०० ग्रॅम सुरुवातीला आणि १.८ किलो शेवटी घातलं, तर पाऊण तास पातेल्यात १.०३५ असतं. बिअरची ताकद तीच राहते, रंग मात्र बराच फिका येतो.

मग सगळंच शेवटी का नाही? हॉप्स नुसत्या नळाच्या पाण्यात उकळू नयेत म्हणून. माल्टमुळे पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) खाली येतो. तो चढा राहिला तर कडवटपणा खरबरीत होतो. चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा आधी घालणं मला सर्वात योग्य वाटतं.

इथे रेसिपीतला दुसरा आकडाही, हॉप्सच्या मापाचा, हलतो. कडवटपणा मोजायच्या टिनसेथ सूत्राप्रमाणे पातळ वर्टमध्ये हॉप्स जास्त उतरतात. वरच्या उदाहरणात हिशेब ८० टक्क्यांहून जास्त फरक दाखवतो. जिभेला एवढा फरक जाणवत नाही, असं अनेक अनुभवी ब्रूअरांचं म्हणणं आहे, आणि मलाही तेच पटतं. म्हणून सूत्र बघून हॉप्स थेट निम्मे करू नका. पहिल्या खेपेला तासभराचे हॉप्स १०-१५ टक्क्यांनी कमी करा, चाखा, मग ठरवा.

घोटाळा होतो तो घड्याळाचा. शेवटचं एक्स्ट्रॅक्ट पडलं की उकळी बसते, ती परत यायला वेळ लागतो. तो वेळ १५ मिनिटांत धरायचा नाही. पुन्हा नीट उकळी आली की तिथून १५ मोजा आणि वासाचे हॉप्स त्या मोजणीनुसार टाका.

घालताना आधी गॅस बंद, हे दोन्ही वेळांना आणि पातळ व कोरडं या एक्स्ट्रॅक्टच्या दोन्ही प्रकारांना लागू. पातळ एक्स्ट्रॅक्ट काकवीसारखं सरळ तळाशी जातं आणि आच चालू असेल तर करपतं. डबा आधी गरम पाण्यात ठेवा, बारीक धारेने ओता, तळ खरवडत ढवळा, उरलेलं गरम वर्टने विसळून घ्या. कोरड्याचा शत्रू वाफ. पातेल्यावर पिशवी धरून चिमूट चिमूट टाकत बसलात तर तोंडाशीच गठ्ठा होतो. थोड्या गार पाण्यात आधी कालवून घेतलं तर गुठळ्या होत नाहीत. पुन्हा उकळी येताना फेस झपाट्याने चढतो, तेव्हा पातेल्यापासून हलू नका.

रेसिपीत एकाऐवजी दुसरं वापरायचं असेल तर १ किलो पातळ म्हणजे ८०० ग्रॅम कोरडं, कारण पातळात सुमारे २० टक्के पाणी असतं. पातळ एक्स्ट्रॅक्ट डब्यात पडून पडूनही गडद होतं. जुना डबा शेवटी घातला तरी बिअर फिकी होणार नाही, म्हणून तारीख बघूनच घ्या.

स्टाउट किंवा पोर्टर या गडद बिअर करत असाल तर ही सगळी विभागणी सोडून दिली तरी चालेल. तिथे रंग भाजलेल्या माल्टचाच असतो. स्कॉच एल या बिअरला तर लांब उकळीची ती टॉफीची चव हवीच असते, तिथे सगळं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीलाच घाला.

हे सगळं जिथे मुभा आहे तिथल्यांसाठी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरची बिअर फेडरल करातून सुटली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन अशी मर्यादा आहे, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. इथे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा ठरतो.